कोळशातून उठलेला माणूस

शिरोडा

चि. परशुरामास आईचे आशीर्वाद.

सांगते मी, लिहिते शेजारची भक्ती.

दुर्वाला चित्रकलेच्या कॉलेजातून काढतोस म्हणे. "कोळशान रेघोटे मारून पोट भरता काय?" हे तुझं मलाही पटलं होतं. कोळशाने मी जन्मभर दात घासले. त्याने आणखी काही होतं, हे मला कुठे ठाऊक!

सुट्टीत तुझी लेक म्हणाली, "आजी, आजोबा कसे होते, सांग." तू पोटात असताना ते होडीसकट समुद्रात गेले. घरात फोटो नाही. मी सांगत गेले, ती कोळशाने कागदावर काढत गेली.

"नाक वायच वाकडा कर गो. इतके देखणे नाय होते ते!"

मग तिने ओठाच्या कडेला बोट फिरवलं, आणि ते हसले. तसेच. मी पदर सावरून उभीच राहिले.

हे पत्र मी टाकणार नाही, वाचून तुला ते दिसायचे नाहीत. फोनवर एवढंच सांगेन, घरी ये, बापाचं तोंड बघ. पोरीचं कॉलेज सोडवायचं असेल, तर त्यांच्यासमोर उभा राहून सांग.

तुझी आई,
नर्मदा

(अंगठा शाईचा नाही, दुर्वाच्या कोळशाचा आहे.)