तीन मैलांवरून ऐकू येईल असा सायलेन्सर

१४ एप्रिल, रविवार
बर्फ एकदाचं वितळलं. गाडी गॅरेजबाहेर काढली, पुसली, चालू केली. आवाज जवळजवळ नाहीच. म्हणजे आहे, पण आमच्या फ्रीजला आहे तेवढा. एवढी थोरली टूरिंग मोटरसायकल, दोन्ही बाजूंना डिक्क्या, पुढे काच, मागच्या सीटला टेकायला पाठ, आणि आवाज शाळेतल्या हुशार मुलीसारखा. ऑगस्टमध्ये मार्लिसला मागे बसवून साउथ डकोटाच्या रॅलीला जायचंय. लग्नाला पंचवीस वर्षं होतात. या आवाजात गेलो तर लोक मला टपाल मागतील.

निर्णय: सायलेन्सर बदलणे.

मार्लिसला सांगितलं. तिने शब्दकोड्यातून मान वर न करता सांगितलं, तुला हवा तो लाव बाबा, फक्त वाटेत मला तुझ्याशी बोलता आलं पाहिजे. पंचवीस वर्षांनी बायकोला नवऱ्याशी बोलावंसं वाटतंय, ही कौतुकाची गोष्ट आहे. लगेच कबूल केलं.

१५ एप्रिल
खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. वाचणारा मीच.

सुपरमार्केटचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडत नाही. मागे सरावं लागतं, हात हलवावे लागतात. चीज कारखान्यात एकोणीस वर्षं झाली. परवा मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, ड्वेन आज आला नाही का? मी त्यांच्यासमोर बसून त्यांनाच साखर देत होतो. घरी आलो की अर्ध्या तासाने मार्लिस म्हणते, अरे, कधी आलास?

आता बास. मी कब्रस्तानाच्या वळणावर असेन तेव्हाच घरात कळलं पाहिजे की ड्वेन आला. कब्रस्तान ते घर तीन मैल.

२० एप्रिल
क्लेटच्या दुकानात गेलो. क्लेट म्हणजे दाढी आणि पोट, मध्ये थोडा माणूस. सायलेन्सर विकतो, बसवतो, आणि त्यावर प्रवचनही देतो. तीन प्रकार दाखवले. पहिला समंजस. दुसरा मध्यम. तिसरा दाखवण्याआधी त्याने शटर अर्धं खाली ओढलं.

मी विचारी माणूस. मध्यम घेतला. क्लेट म्हणाला, मध्यमवाले महिन्याभरात परत येतात बघ. येत असतील. मी त्यांच्यातला नाही.

जुने सायलेन्सर माळ्यावर टाकून ठेव, सगळे ठेवतात, असंही तो म्हणाला. माघार घ्यायची तयारी ठेवून पुढे जाणारे लोक. मी दोन्ही चर्चच्या जुनाबाजाराला देऊन टाकणार.

२७ एप्रिल
बसवला. काय सांगू. शेजारच्या गॉर्डीचा कुत्रा ओट्याखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला. आणि मार्लिस चक्क स्वयंपाकघरातून अंगणात आली. मी घरी आल्यावर ती बाहेर आली असं लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, बॉयलर फुटला की काय बघायला आले. कारण महत्त्वाचं नाही. आली हे महत्त्वाचं.

५ मे, रविवार
चर्चच्या आवारात गाड्यांना आशीर्वाद. दरवर्षीचा रिवाज: पास्टर लिंडक्विस्ट बादली आणि देवदाराची फांदी घेऊन रांगेतून पाणी शिंपडत जातात, शेवटी आमेन म्हणतात, मग सगळ्यांनी एकदम गाड्या चालू करायच्या. मी किंचित आधी केली. 'शांती' या शब्दाला. पुढची प्रार्थना पास्टरांनी नुसते ओठ हलवून पूर्ण केली. देवाला तेवढं पुरतं.

शेजारी आर्डिथ उभी. मार्लिसची मैत्रीण, निवृत्त ग्रंथपाल. हिची गाडी माझ्याहून मोठी, आणि आवाज शिवणयंत्राचा. चालू आहे की बंद, हे लोकांना तिलाच विचारावं लागतं. मला म्हणाली, छान आहे रे ड्वेन, माझी कवळी सैल झाली. जळते.

मात्र आमेननंतर सगळ्यांच्या गाड्या चालू झाल्या तेव्हा माझी त्यात कुठे होती ते समजेना. विचार करण्यासारखी बाब आहे.

१८ मे
तिसऱ्या प्रकाराची ऑर्डर दिली. क्लेट एका शब्दाने 'सांगितलं होतं' म्हणाला नाही. पोट हलत होतं, पण ते तसंही हलतं.

मार्लिसला समजावलं की हे सुरक्षेसाठी आहे. मोठा आवाज असला की मोटारवाल्यांना आपण आलोय हे कळतं. ती म्हणाली, मोटारवाल्यांना कळेल, पण माझं काय? तिने स्वतःच दोघांच्या हेल्मेटला माइक-स्पीकर लावून आणले. प्रश्न मिटला.

१ जून
बसवला. याला आवाज म्हणत नाहीत, हवामान म्हणतात.

संध्याकाळी गॉर्डी कुंपणापाशी आला. रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो. बराच वेळ हवा, मासे आणि माझं गवत यावर बोलला. मग निघता निघता म्हणाला, गाडी आता जरा वेगळीच वाजते, नाही? आमच्या विस्कॉन्सिनमध्ये 'जरा वेगळंच' ही शेवटची पायरी असते, त्यानंतर माणसं बोलणं टाकतात. पण गॉर्डी तसा नाही. त्याला मनापासून आवडली.

माइकची चाचणी घेतली. मार्लिस मागून काहीतरी म्हणाली, मी हो म्हटलं. पुन्हा काहीतरी म्हणाली, पुन्हा हो म्हटलं. उत्तम चालतो. उतरल्यावर ती रागावलेली होती, पण कशावरून ते नीट ऐकू आलं नाही. कानात अजून गाडी चालू होती.

२२ जून, शनिवार, संध्याकाळ
घडलं ते क्रमाने लिहितो, कारण चूक माझी नाही.

मार्लिसला घेऊन नदीकाठाने सराव फेरी. आमची जुनी खूण आहे. ती मागे नीट बसली की माझ्या उजव्या खांद्यावर दोन टपल्या मारते. मग मी निघतो. पंचवीस वर्षांत ही खूण एकदाही चुकली नाही.

पुलाजवळच्या पंपावर पेट्रोल घेतलं. ती हेल्मेट काढून चीजचे तळलेले तुकडे आणायला आत गेली. मी गाडी चालूच ठेवली, पंपावरच्या लोकांनाही जरा ऐकू दे म्हणून. थोड्या वेळाने पाठीवर दोन टपल्या. निघालो.

आणि काय सांगू, गाडी उडायला लागली. चढावर हलकी फूल. क्लेट म्हणाला होता, या सायलेन्सरने इंजिन मोकळा श्वास घेतं. माइकवर मार्लिसला ते सगळं समजावून सांगितलं. ती एकदाही मध्ये बोलली नाही. मग हुरूप आला. साहेबांची आणि साखरेची गोष्ट सांगितली, जी तिला कधी सांगितली नव्हती. म्हटलं, हे सगळं तू मान वर करून बघावंस म्हणून चाललंय गं. ती गप्पच. म्हटलं भरून आलं असेल.

टेकडीवर गरुड दाखवायला थांबलो. मागे कोणी नाही. सीटच्या पाठीला बांधलेली, सैल होऊन पुढे आलेली रेनकोटची गुंडाळी. गाडी उभी असली की हादऱ्याने ती माझ्या पाठीवर आपटते. दोन-दोनदा.

परत पंपावर गेलो तर तीही नाही. तिने आर्डिथला फोन करून बोलावलं होतं. घरी दोघी चीजचे तुकडे खात बसल्या होत्या. मार्लिस ओरडली नाही. म्हणाली, मी तुला हाका मारत रस्त्यापर्यंत धावले, ड्वेन. पंपावरचा एकूण एक माणूस वळला. तू सोडून.

रेनकोट बांधायची पद्धत चुकीची होती. पट्ट्यांच्या कंपनीला कळवणे.

२३ जून, रविवार
मार्लिसची अट: जुने सायलेन्सर परत लाव, तर मी बसेन. माइकवर जे सांगितलं ते पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. सुरुवात जमली नाही. समोरासमोर फार शांत असतं.

प्रार्थनेनंतर पास्टरांना सहज विचारलं, ते सायलेन्सर विकले गेले का हो? म्हणाले, बघा ना मागच्या खोलीत. बघितले. दोन्ही तिथेच, मुलांच्या जुन्या स्कीजमागे उभे. मी ओळख दाखवली नाही. मार्लिसला सांगितलं, दिसले नाहीत. रॅलीला पोचल्यावर ती आवाजाच्या प्रेमात पडेल. तिचंच भलं आहे.

४ जुलै
गावच्या परेडमध्ये मला अग्निशमन बंबाच्या मागे लावलं. पक्षपात.

२० जुलै
मार्लिस रॅलीला येतेय. मी म्हणालोच होतो. फक्त आर्डिथच्या मागे बसून येतेय.

मी मोठ्या मनाने म्हटलं, हरकत नाही, आपण तिघं बरोबरच जाऊ. आर्डिथ म्हणाली, ये ना, पण एक मैल मागे राहा हं, आम्हाला गप्पा मारायच्यात. सहाशे मैल कसल्या गप्पा मारणार? रोज तर भेटतात.

३ ऑगस्ट, मिनेसोटा
दिवसभर एकटा. मका, मका, सोयाबीन, मका. चहापाण्याला थांबलो तेव्हा दोघी डोळे पुसत हसत होत्या. काय झालं विचारलं. मार्लिस म्हणाली, काही नाही रे, तू नव्हतास तिथे, आता सांगून मजा नाही.

रेनकोट सोडून डिकीत टाकायला हवा होता. टाकला नाही. सिग्नलला थांबलो की पाठीवर दोनदा वाजतो. बरं वाटतं.

६ ऑगस्ट, रॅली
आज तो दिवस. मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. सगळ्यांचे सायलेन्सर शटर अर्धं खाली ओढून घेतलेले. मी आर्डिथच्या गाडीशेजारी लावली, ऐटीत बसलो आणि मूठ पिळली. काही नाही. अजून पिळली. शेवटी टाकीवर हात ठेवून बघितलं, चालू आहे का. चालू होती.

तेवढ्यात उजव्या खांद्यावर दोन टपल्या. रेनकोट नव्हे, हात होता. आतून काय झालं ते लिहिता येत नाही. हसतच वळलो.

दाढीची वेणी घातलेला एक मुलगा. म्हणाला, काका, जरा गाडी मागे घेता का? हिचा फोटो काढायचाय. ही म्हणजे आर्डिथची. भोवती घोळका जमला होता. लोक वाकून टाकीला कान लावत होते आणि एकमेकांना विचारत होते, खरंच चालू आहे?

गाडी मागे घेतली.

मार्लिस लिंबूसरबत घेऊन गर्दीतून आली. माझ्या अगदी जवळून पुढे गेली, मग थबकली, वळली. म्हणाली, अरे, कधी आलास?

तोच दिवस, दुपार
मोटेलवरून पास्टर लिंडक्विस्टांना फोन केला. विचारलं, मागच्या खोलीतले ते दोन सायलेन्सर अजून आहेत का? ते बघायला गेले, बऱ्याच वेळाने परत आले. म्हणाले, आहेत की. एप्रिलपासून तिथेच उभे आहेत बिचारे, कोणाच्या लक्षातच आले नाहीत.

म्हटलं, राहू द्या. मी येतोय न्यायला.