लंगड्या कोंबडीची कविता

नॉटिंगहॅम, शनिवार, १७ सप्टेंबर १९८८

आज मंडळाच्या गणपतीत आमच्या अस्मिताने कविता म्हटली. तिच्या शाळेच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या मासिकात कुणा इंग्रज मुलीने आपल्या लंगड्या कोंबडीवर लिहिलेली. "आई, मला हीच कविता पाहिजे," म्हणून हटूनच बसली. मग पोळ्या लाटता लाटता मीच तिचं मराठी केलं. पण मंडळात अस्सल मराठीच कविता लागते. कवी कोण, असं कुणी विचारलं तर?

संपल्यावर ऐंशीचे जोगळेकरकाका डोळे पुसत आले. "अगं, ही आम्हाला साताऱ्याला तिसरीत होती! शेवटची ओळ तेवढी चुकली हिची."

लंगडी कोंबडी साताऱ्यापर्यंत कशी पोचली, देव जाणे! मी निमूट म्हटलं, "हो काका, नीट पाठ करून घेते."