जिन्यावरचं इनडायरेक्ट

सोमवार, ३ मार्च

पुतणी वर आली. नर्सिंगच्या परीक्षेला इंग्रजीचा पेपर आहे आणि गाडी डायरेक्ट-इनडायरेक्टपाशी अडली आहे. "काका, शिकवाल ना?" – शिकवाल ना म्हणे! छत्तीस वर्षं या हातांनी अवतरणचिन्हं उडवली आहेत. माझ्या वर्गातलं एकही पोर या प्रश्नात बुडालं नाही!

खरं तर तिला येतंच. अकरा वर्षं दुसरं काय करते आहे? खाली धाकट्याचं घर आणि शिलाईचं दुकान, वर मी. आम्ही भाऊ बोलत नाही. जिन्यावरून शब्द हीच नेते-आणते. तो खालून ओरडतो, "म्हाताऱ्याला सांग, नळ बंद कर!" – हल्ली आवाज जरा घोगरा, तरी मला इथे लख्ख ऐकू येतं – आणि ही वर येऊन म्हणते, "बाबा विचारत होते, पाणी भरून झालं का." आज्ञेचा प्रश्न झाला, म्हातारा गळाला. पैकीच्या पैकी!

बुधवार, ५ मार्च

'आज'चं 'त्या दिवशी' करायचं, 'इथे'चं 'तिथे' – शिकवता शिकवता माझंच मन तिथे गेलं. शाळेत आम्ही भाऊ एकाच वर्गात, दोघांत एक पाठ्यपुस्तक. कवितेच्या तासाला मी अर्थ सांगायचो, धाकटा चालीवर म्हणायचा. काय आवाज! शेजारच्या वर्गातले मास्तर खडू हातात धरून नुसते उभे राहायचे.

अकरा वर्षांपूर्वी, मी निवृत्त झालो तेव्हाच्या निरोप समारंभात तोच आवाज इंग्रजीत उठला. माझ्या कौतुकाची दोन वाक्यं त्याने पाठ करून आणली होती. मी खुर्चीतूनच पहिलं वाक्य दुरुस्त केलं – सवयीने! सभागृह हसलं. तो खाली बसला. "याच्यासमोर पुन्हा तोंड उघडणार नाही" म्हणाला, आणि नाही उघडलं. चूक होती, ती सांगितली. यात माझं काय चुकलं?

शनिवार, ८ मार्च

घरात कानावर पडलेली दहा वाक्यं इंग्रजीत इनडायरेक्ट करून आणायला सांगितली होती. आणली. जेवता जेवता तपासली. पोरगी हुशार! एकच चूक – सातव्या वाक्यात 'वुड' हवं तिथे 'विल'. लाल शाईने बदललं. दहापैकी नऊ, समासात 'सुरेख'. झोप छान लागली.

रविवार, ९ मार्च

"काका, सातवं वाचलंत?"

"वाचलं की. वुड पाहिजे."

"बस? वुडच?"

तिचे डोळे भरलेले. वही ओढून पुन्हा वाचलं, या वेळी मनात मराठी करत. 'डॉक्टरांनी बाबांना सांगितले की, चौदा तारखेला त्यांची स्वरपेटी काढावी लागेल.'

लाल शाई वाळली होती.

"बाबा म्हणाले, काकांना सांगायचं नाही. लिहायचं नाही, असं नव्हते म्हणाले."

सोमवार, १० मार्च

आठव्या पायरीपर्यंत उतरलो. परत आलो.

मंगळवार, ११ मार्च

निरोप पाठवला – भेटायला येतोय. पोरगी उत्तर घेऊन आली. आज पहिल्यांदाच काही गाळलं नाही, बदललं नाही. जिन्यात उभी राहून, त्याच्याच सुरात: "कशाला? चुका काढायला?"

गुरुवार, १३ मार्च

गेलो! तो मशीनपाशी होता. आवाज जाड कापड फाडावं तसा. "आलास? बस. आणि मध्ये बोलायचं नाही."

दोन तास बोलला. अकरा वर्षांचं सगळं – कोण गिऱ्हाईक बुडवून गेलं, कोणाची लग्नं मोडली, मी वर किती जोरात खोकतो. मग इंग्रजीत घुसला. मुद्दाम! चुकांवर चुका, आणि प्रत्येक चुकीनंतर थांबून माझ्या तोंडाकडे पाहणं. मी ओठ मिटून. शेवटी म्हणाला, "दादा, तब्येत बरी आहे ना? एवढ्या चुका गिळल्यास!" दोघं हसलो, त्याला ठसका लागेपर्यंत.

"त्या दिवशी मी चुकलो रे," म्हटलं.

"हे वाक्य बरोबर आहे," म्हणाला.

उद्या सकाळी सातला दवाखाना. मी जाणार.

शुक्रवार, १४ मार्च

नीट पार पडलं.

सोमवार, २८ एप्रिल

आजपासून दुकान पुन्हा सुरू. शिवणारा तो, बोलणारा मी. एक ढेरपोटे गृहस्थ पॅन्ट घट्ट झाली म्हणून भांडायला आले. धाकट्याने खडूने कापडावर लिहिलं: 'याला सांग, पॅन्ट नाही आटली, पोट सुटलंय.' मी म्हणालो, "भाऊ म्हणतोय, कमरेला थोडी जागा करून देऊ." गृहस्थ खूश होऊन गेले.

धाकट्याने माझा हात ओढला आणि सदऱ्याच्या बाहीवर भली मोठी फुली मारली. खाली लिहिलं: 'मी म्हणतो तस्संच सांगायचं!'