पेन्सिलीची वही

प्रिय ठमे,

हे पत्र सोमवारच्या आत तुला मिळायला हवं, म्हणून टपालाने न टाकता माणसाच्या हाती धाडतोय. तुझा अहवाल वाचला. जुन्या विमानाला आणखी सहा वर्षं, आणि खाली तुझी झोकदार सही. पोरीने बापाचं नाव काढलं म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली. माझ्या तोंडाची चवच गेली.

खालच्या सगळ्या कचेऱ्या नष्ट झाल्या तरी वरून सैन्याला हुकूम देता यावेत, म्हणून ही उडती कचेरी. कण्हत उडते म्हणून लहानपणी तू तिला म्हातारी म्हणालीस. आता अख्खा हँगर तेच म्हणतो. तिच्या जागी नवं विमान बारा वर्षं येतंय. समित्या झाल्या, नव्याचा रंगसुद्धा ठरला, भिंतीवरच्या त्याच्या चित्रामागे पालींनी संसार थाटले. विमानाचा पत्ता नाही.

मागच्या महिन्यात तू समितीबरोबर आलीस. इतक्या स्वच्छ नोंदी कुठेच पाहिल्या नाहीत, म्हणालीस. लाज वाटते सांगायला, पण तुझ्या कौतुकाने सुखावलो होतो.

ठमे, नोंदी स्वच्छ आहेत, कारण खरं मी तिथे लिहिलंच नाही. रजिस्टरात शाईने दोष लिहिला की दुरुस्ती होईपर्यंत विमान जमिनीवर बसतं, आणि म्हातारीने बसायचं नाही, असा वरून तोंडी हुकूम. म्हणून आम्ही दोष वेगळ्या वहीत पेन्सिलीने लिहायचो, दुरुस्ती झाली की खोडायचं असं ठरवून. चार वर्षं सुटे भागच आले नाहीत. खोडरबर तसाच नवा पडून आहे. पंखाच्या मुळाशी नखाएवढा तडा होता, तो बोटभर झालाय.

काल तुझ्या भावाचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती. म्हातारीवर संदेश कक्षात नेमणूक झालीय, सोमवारी पहिलं उड्डाण. आज सकाळी मी तडा शाईने लिहायला गेलो, तर साहेबांनी रजिस्टरच काढून घेतलं. तुमच्याच मुलीने विमान ठणठणीत असल्याचं लिहून दिलंय, म्हणाले. चार वर्षं दुसऱ्यांची पोरं त्यात चढत होती, तेव्हा माझा हात शाईकडे गेला नाही. हे मला कधी विसरू देऊ नकोस. वही सोबत आहे. तुझी बढती जाईल, माझी नोकरी जाईल. तरी अहवाल मागे घे. पानन् पान मी शाईने गिरवलंय.

तुझाच,
बाबा