बत्तीसरावाचा मुखवटा जगदीशला

मी बाबुराव सोनू मेस्त्री, वय अठ्ठावन्न, राहणार तांबे चाळ, लालबाग, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. छातीत कळ येते, पण डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी दटावलेलं नाही की काही पाजलेलं नाही. शंका असेल त्याने चाळीत विचारावं.

१. खोली भाड्याची आहे. पावती माझी पत्नी कौसल्या हिच्या नावे करावी. पोस्टात जे आहे ते तिचं. माझ्या बाराव्याचा थाट करू नये. तिला हिंदमातेवरून एक चांगलं लुगडं घ्यावं. ती नको नको म्हणेल, तिचं ऐकू नये.

२. करवत, रंधा, पटाशी जावई रामदास याला. मात्र धार लावून वापरणार असेल तरच. हत्यार गंजवणारा माणूस मला खपत नाही.

३. बाजापेटी शेजारी रघुवीर नाईक याला. बत्तीसरावाच्या सोंगात मी डुलत चालायचो, ती चाल आपणच मला शिकवली असं तो गावभर सांगत सुटतो. साफ खोटं. आमच्या गावच्या दशावतारात राक्षस तसा चालत येतो, तिथून मी ती उचलली. पेटी घ्यावी आणि यापुढे खरं बोलावं.

४. आता मुखवटा. एका दंतमंजनाच्या कंपनीने जाहिरातीसाठी बत्तीसराव नावाचा हसरा फेटेवाला काढला. डब्यावर तो, सिनेमाच्या पडद्यावर तो, आणि रस्त्यावर त्याच्या कागदी लगद्याच्या मुखवट्यात मी. पोरं मागे लागत, "बत्तीसराव, दात दाव!" दात न घासणाऱ्याला आया त्याचा धाक घालीत. बाबुराव मेस्त्री कोण हे कुणाला माहीत नव्हतं, पण गिरगावपासून परळपर्यंत बत्तीसरावाला न ओळखणारं पोर नव्हतं. कौसल्या म्हणायची, "ह्या मेल्या बत्तीसरावान माझो घोव पळवल्यान."

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. कंपनीचा मालक मुंबई वेगळी मागणाऱ्यांतला, अशी आवई उठली. खरंखोटं देव जाणे. बत्तीसरावाला लालबागेत फिरकू द्यायचं नाही, असं पोरांनी ठरवलं. त्यांत माझा मुलगा जगदीश पुढे. मुंबई महाराष्ट्रात मलाही हवी होती, पण चूल कंपनीवर पेटत होती. मी तापाने पडून होतो, माझ्या जागी कंपनीने दुसरा माणूस पाठवला होता. एका सकाळी ताप उतरला. जगदीश आधीच घराबाहेर पडला होता. मी उठलो आणि कामावर गेलो.

नाक्यावर दगड आला. मुखवट्याचा गाल फुटला आणि माझ्या कानशिलाला खोक पडली. दगड मारणारा मला दिसला, जगदीशच होता. लहानपणी गावच्या दशावतारात सोंगं घ्यायचो तेव्हा आम्हाला शिकवलेलं, मुखवटा चढला की उतरेपर्यंत आपला आवाज बाहेर काढायचा नाही, जीव गेला तरी. म्हणून मी त्याला हाक मारली नाही. तसाच डुलत गल्लीत शिरलो.

घरी पट्टी बघून त्याचं तोंड पडलं. नळावर घसरलो, असं मी सांगितलं. पण तेव्हापासून तो माझ्या पंगतीला बसला नाही. अँटॉप हिलला सरकारी खोली मिळाली, तिकडे गेला. सणाला येतो, आईशी बोलतो, माझ्या पाया पडतो आणि न जेवता जातो. माझ्या तोंडाकडे बघत नाही. बाळा, दगडापेक्षा मला हे जास्त लागलं रे.

कंपनीने नवा मुखवटा केला आणि फुटका मला दिला. तो जगदीशचा. गाल बुजवू नये. चितेवर ठेवू नये. बाराव्याला चाळीतली पोरं जमवावीत, आणि जगदीशने मुखवट्याला नमस्कार करून तो चढवावा, नाचावं. आता राज्य मिळालं, बत्तीसरावावर कोणाचा राग उरलेला नाही.

जगदीश, आत शिरलास की दातांच्या फटीतून बघ. समोरचं माणूस तेवढं दिसतं. मला त्या दिवशी तू दिसलास. बाहेरून मात्र आतला कोणालाच दिसत नाही, तुलाही दिसला नसता. तू बत्तीसरावाला मारलंस, बापाला नाही. एवढं कळलं की मुखवटा उतरव आणि आत ये. तुझी आई माझा पाट मांडील. त्यावर बस आणि पोटभर जेव.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, तो माझ्या मनासारखा उतरला आहे.

सही: बाबुराव सोनू मेस्त्री

साक्षीदार: तात्या सामंत, खोली शेजारची. बकुळा दळवी, वरचा मजला.
(रघुवीरला पेटी मिळणार म्हणून त्याची साक्ष घेतली नाही. त्यावरूनही तो रुसला आहे.)

लालबाग, मुंबई. २२ मे १९६०