खुर्चीखालचा ठसा

मंगळवार, दिवेलागण

फ्रान्सच्या जुन्या, हातांवर पानं कोरलेल्या दोन खुर्च्या. तशाच सहा सागवानात करून द्या, म्हणून नागपूरचा एक गिऱ्हाईक आमच्या कारखान्यात टाकून गेला होता. बैठकीखाली मूळ कारागिराच्या नावाचा ठसा आहे, तोही हवा म्हणाला. असेल हौस, मी हो म्हटलं. आमच्या देवाजीनं लोखंडात उलटी अक्षरं कोरून तो ठसा असा बनवला, की जुना कोणता, नवा कोणता, मलाही कळेना. सागवान मागाहून त्यानंच पाठवलं.

आज गिऱ्हाईक आला, पण खुर्च्यांकडे बघेना. ठशावरूनच बोट फिरवत राहिला. का? मी चहा सांगायला आत गेलो, कान मात्र बाहेरच ठेवले.

"शाबास देवाजी, तुझी हातोडी चालली. नाक्यावर कोणी विचारलंही नाही."

हातोडी! ओंडक्यावर वनखात्याच्या हातोडीची अक्षरं उमटली की चोरीचं सागवानही कायदेशीर ठरतं. आणि खोटी हातोडी सापडली की जेल. एवढ्यासाठीच होता का तो फ्रान्सचा ठसा? देवाजीचा हात बघायला?

तो गेल्यावर देवाजीला धरलं. "मले काऊन नाई विचारलं?"

"तुमीच सांगितलं म्हणे तो, भाऊ. तुमचं काम, तुमाले काय विचारू?"

"अन् लाकूड कुठी गेलं ते?"

देवाजी माझ्याकडे बघतच राहिला. "कुठी म्हणजे? ह्या खुर्च्या त्याच्याच तर केल्या ना आपण!"

सहाही खुर्च्यांवर पॉलिश चढलंय. रस्त्यावर गाडी हळू झाली, की माझं पेन थांबतं.