करंटची परतीची वाट

३ डिसेंबर

नवऱ्यापेक्षा हा मोबाईल बरा! मी बोलते, तो लिहितो, मध्ये तोंड घालत नाही. धुळ्याहून भाविका आलीय – माझ्या लेकीची लेक. तिनं तिचा जुना मोबाईल दिला. "आजी, हे माइकचं चित्र दाब अन् मनातलं बोल." लिहिलेलं मला वाचता येत नाही. म्हणूनच खरं बोलते.

माझा धाकटा, लीलाधर, दिवाळीनंतर गेला. केळीच्या मळ्यात. मोटर चालू करताना करंट लागला.

बस. आज एवढंच.

४ डिसेंबर

आमचे हे – नाना – जेवता जेवता उठले. म्हणे भाजीत मीठ जास्त! मीठ टाकायचंच विसरले होते मी.

६ डिसेंबर

भाविका धुळ्याला विजेचंच शिकते. तिला विचारलं – बाई, हा करंट धावतो तरी कसा?

"तारेत बारीक कण असतात, आजी. जोर लागला की सरकतात. ते सरकणं म्हणजे करंट. पण वाट पुरी गोल पाहिजे. कुठं तुटली की थांबला."

म्हटलं, ठिबकच्या नळीतलं पाणी कुठं परत येतं?

"तिथंच फरक आहे. याला परतायला वाट नसेल तर हा निघतच नाही."

म्हणजे माझ्यापेक्षा शहाणा! मी लग्न होऊन असोद्यात आले तेव्हा परतीचं कुणी विचारलं होतं?

हसली. पुष्कळ दिवसांनी या घरात कुणी हसलं.

७ डिसेंबर

तारेवर पारवा बसला होता. म्हटलं, याला कसं काही होत नाही?

"दोन्ही पाय एकाच तारेवर ना. त्याच्यातून पुढं जायला वाट नाही."

मग माझ्या लीलाधरमधून कुठं वाट होती?

ती उठायला लागली. मी सोडलं नाही. खाली बघत बोलली – मोटरच्या पेटीतली वायर घासून पत्र्याला टेकली होती. मामाचा हात पेटीवर, पाय ओल्या मातीत. हातातून आला, पायातून जमिनीत गेला, जमिनीतून परत डीपीकडं, जिथून निघाला तिथंच. वाट पुरी झाली.

अन् पायात रबराच्या कोरड्या चपला असत्या तर?

ती रडायलाच लागली. मिळालं उत्तर.

८ डिसेंबर

चपला बांधावर होत्या. मीच उचलून आणल्या.

आमच्याकडं पेटीला हळदकुंकू लावतात. चपला काढायच्या, हात जोडायचे, मग बटण. नानांची शिकवण – लीलाधर एवढासा होता तेव्हापासून. "जोडा काढ रे, लक्ष्मी हाये ती!" बाकी सगळं विसरायचा तो. डबा, छत्री, मुलगी बघायला जायचा दिवससुद्धा! हे कधी विसरला नाही. एकदा तरी विसरायचं होतं, बाबा.

नानांना कळलं तर हाय खातील. भाविकाला शपथ घातली – त्यांच्यासमोर अक्षर काढायचं नाही.

१० डिसेंबर

नाना म्हणाले, "देवानं नेला त्याले." मी म्हटलं, हो, देवानंच. खोटं बोलायला शाळा लागत नाही.

१२ डिसेंबर

भाविका गेली. एसटीत चढताना माझा हात धरला. "आजी, शपथ मोडते. मी आले त्याच दिवशी नानांनी मला सगळं विचारलं होतं. चपलांचंही. मग म्हणाले – तुह्या आजीले सांगू नको, बाई. देवानं नेला, असंच समजू दे तिले."